दिलरुबा घ्यावा की इसराज?

सारंगीचा आवाज जीव लावतो, पण वाद्य झेपणार नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचं खोटं नाही. सारंगीला पडदे नाहीत, तातेच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा नखाच्या मुळाशी घासत वाजवायच्या, वर तीस-पस्तीस तरफा, म्हणजे मुख्य तारेबरोबर आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा. नोकरी सांभाळून चाळिशीत शिकू पाहणाऱ्याची बोटं आधी सोलवटतात आणि मग उत्साह. अशांना मी दोन नावं सुचवतो: दिलरुबा आणि इसराज. दोन्ही गजाने, म्हणजे व्हायोलिनसारख्या केस लावलेल्या काठीने, वाजतात, दोन्हींना सतारीसारखी पडद्यांची दांडी आणि खाली कातड्याने मढवलेलं लाकडी पोट. दुकानात शेजारी टांगलेले असले की नवख्याला फरक दिसत नाही, आणि दुकानदारही ‘एकच हो’ म्हणून मोकळा होतो. एकच नाहीत.

फरक पोटात आहे. दिलरुब्याचं पोट सारंगीच्या वळणाचं, चौकोनी आणि ऐसपैस, दांडीही रुंद. इसराजचं पोट लहान, गोलसर, मध्ये कंबर आवळलेलं; दांडी अरुंद, वजन कमी. कातड्याचा पसारा मोठा म्हणून दिलरुब्याचा आवाज भरदार, किंचित नाकातला, खर्जाकडे गेलं की सारंगीची आठवण करून देणारा. इसराज त्यापेक्षा बारीक आणि मऊ. मोठ्या खोलीत चार माणसं बोलत असली तर तो हरवतो. रात्री दार लावून वाजवायला मात्र त्याच्यासारखं वाद्य नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, शेजारी दुवा देतील.

शिकायला दोन्ही जवळजवळ सारखेच. पडदे असल्यामुळे स्वराची जागा डोळ्यांना दिसते, ही मोठी सोय. पण पडदा दिसतो म्हणून सतारीसारखी तार दाबून ओढायची नाही. पहिली दोन बोटं बाज तारेवर, म्हणजे मुख्य तारेवर, हलकी ठेवून घसरवत न्यायची. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, अशीच निघते. खरा घाम डाव्या हाताला नाही, उजव्या हाताला येतो. गज तारेला आडवा, एका रेषेत, एका दाबाने ओढता येईपर्यंत किरकिर होणारच. आधी व्हायोलिन शिकलेल्यांना इथे फायदा होतो, मात्र गज धरण्याची पद्धत त्यांना नव्याने लावून घ्यावी लागते.

तरफांचं गणित वेगळं. डझनभरापासून वीसपर्यंत तरफा असतात, दिलरुब्याला सहसा जास्त. जितक्या तरफा जास्त तितकी गुंजन मोठी, आणि तितक्याच खुंट्या पिरगाळायच्या. यमन वाजवून भैरव घ्यायचा तर ऋषभ, मध्यम, धैवताच्या तरफा पुन्हा लावायच्या. रोज अर्धाच तास हाताशी असेल तर त्यातला किती वेळ जुळवण्यात जाणार याचा विचार आधी करा. एवढ्या एका मुद्द्यावर मी कमी तरफांच्या इसराजला झुकतं माप देईन.

आता गुरू. माझ्या मते निवड इथेच ठरते. दिलरुबा पंजाबचा, गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाच्या साथीतला. इसराज बंगालचा; शांतिनिकेतनात रवींद्रसंगीताच्या साथीला तोच, आणि विश्वभारतीच्या संगीत भवनात तो आजही शिकवतात. दोन्ही मागे पडले ते मुख्यतः पेटीमुळे, म्हणजे हार्मोनियममुळे. रवींद्रनाथांना पेटी खपत नसे. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि १९७१ मध्ये साथीपुरती उठवली. तोवर घराघरांत पेटीच बसली होती. अलीकडे वारं थोडं फिरलंय. २०२२ मध्ये अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या जथेदारांनी, म्हणजे प्रमुखांनी, अमृतसरच्या हरमंदिर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्ण मंदिरात, पेटी हळूहळू कमी करून तंतुवाद्यं परत आणायला सांगितलं. त्यामुळे दिलरुबा शिकणारी तरुण मुलं आणि ऑनलाइन शिकवणारे, दोन्ही सापडतात. आपल्याकडे नांदेडला किंवा मुंबईतल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यांत चौकशी करायला हरकत नाही. इसराजसाठी मुंबई-पुण्यातल्या बंगाली मंडळींना विचारा. गावात दोन्हींपैकी एकाचाच शिक्षक असेल, तर बाकी सगळी तुलना बाजूला ठेवून त्याच वाद्याकडे जा. कोणीच नसेल तर ख्यालगायन शिकवणारे गुरुजी राग देतील. गजाची बैठक दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी लागेल.

भजन, अभंग, ख्यालाची साथ असं मनात असेल तर दिलरुबा. गाणाऱ्याच्या मागे तो नीट उभा राहतो. एकट्यानेच वाजवायचं, आलापीत रमायचं, प्रवासात वाद्य न्यायचं, तर इसराज. मयूराच्या आकाराचा ताऊस या दोघांपेक्षा खोल बोलतो, पण धूड मोठं आणि चांगला कारागीर दुर्मीळ. पहिलं वाद्य म्हणून नको. तारशहनाई म्हणून कर्णा लावलेला इसराज कोणी गळ्यात मारायला लागलं तर तोही नको. त्याचा आवाज मुद्दाम मोठा केलेला असतो, आणि तुम्ही तर मऊ आवाजाच्या शोधात निघाला आहात.

खरेदी फोटो पाहून करू नका. परदेशी पाहुण्यांसाठी केलेल्या शोभेच्या वाद्यांवर नक्षी भरपूर असते आणि खुंट्या एक दिवस टिकत नाहीत. वाद्य हातात घेऊन वरच्या टोकाकडून दांडीवर नजर टाका. बाक आला असेल तर तिथेच ठेवा. प्रत्येक खुंटी थोडी फिरवून सोडा, ती आपणहून मागे सरकता कामा नये. घोडीखालचं, म्हणजे तारा पेलणाऱ्या पट्टीखालचं, कातडं खोलगट झालंय का, कडेला डिंक सुटलाय का, ते बघा. मग प्रत्येक पडद्यावर एकेक लांब गज ओढा. कुठे झणझण झाली तर पडदा बघायला सांगा. तुमची पट्टी, म्हणजे तुमचा षड्ज, काळी एक की काळी चार, ते आधीच सांगितलं तर कारागीर तारांची जाडी त्याप्रमाणे घालतो. बायकांच्या पट्टीसाठी लहान इसराज जास्त सोयीचा पडतो.

इसराजसाठी कोलकात्यातली रवींद्र सरणी, म्हणजे जुना चितपूर रस्ता, आणि दिलरुब्यासाठी दिल्ली-पंजाब हे नेहमीचे पत्ते. दुरुस्तीला मात्र एवढं लांब जायची गरज नाही. मिरजेच्या ज्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या घडवणाऱ्या हातांना पडदे बांधणं, खुंट्या बसवणं नवीन नाही. कातडं बदलण्याचं काम ते घेतात का, एवढं आधी फोन करून विचारा, कारण ते काम लागणारच. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवा ओली झाली की कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते, आवाज दबतो आणि लावलेले सूर उतरतात. हा त्रास दोन्ही वाद्यांना सारखाच. पावसाळ्यात वाद्य भिंतीला टेकवून न ठेवता पेटाऱ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा, आणि वाजवून झालं की गजाचे केस सैल करायला विसरू नका.