पिकअपचा रोध कसा मोजावा: जॅकमधून, सोल्डर काढून की एलसीआर मीटरने?

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचा, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचा, रोध मोजायचा असेल, तर आपल्यापुढे तीन मार्ग असतात. गिटार न उघडता जॅकमध्ये लीड (गिटारची केबल) घालून तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावणे हा पहिला. पिकअपच्या तारांचे सोल्डर काढून, त्याला बाकीच्या सर्किटपासून मोकळे करून थेट मोजणे हा दुसरा. आणि नुसत्या रोधावर न थांबता, इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणाऱ्या एलसीआर मीटरने त्याचा इंडक्टन्सही, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुणही, पाहणे हा तिसरा. एकाला जुनी गिटार विकत घ्यायची असते, दुसऱ्याचा पिकअप अचानक मुका झालेला असतो आणि तिसऱ्याला आवाज पसंत नसल्याने पिकअप बदलायचा असतो. या तिघांना एकच मार्ग सुचवणे योग्य होणार नाही, म्हणून प्रत्येक मार्गातून काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी पाहू.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती किंवा चुंबकाला टेकलेल्या लोखंडी खुंट्यांभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. नेहमीची ४२ गेजची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक असते आणि तिच्या एका मीटरचा रोध साधारण ५.४ ओहम भरतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारच्या पिकअपवर मीटरने ६ किलोओहम दाखवले, तर त्या चिमुकल्या बॉबिनवर (रिळावर) अकराशे मीटरच्या आसपास तार बसली आहे, असा त्याचा अर्थ. मल्टिमीटरवरचा आकडा तारेची लांबी, जाडी आणि तापमान यांविषयी बोलतो. चुंबक कोणता आहे, तो किती जोरकस आहे आणि कॉइलचा आकार कसा आहे, यांविषयी तो काहीही सांगत नाही.

पहिल्या मार्गाचे मोठे बळ म्हणजे तो कुठेही वापरता येतो. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि लीड तर प्रत्येक वादकाकडे असते. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण १० वर न्यावा, सिलेक्टर स्विच एकाच पिकअपवर ठेवावा, मीटर २० किलोओहमच्या रेंजवर लावावा आणि लीडच्या मोकळ्या प्लगच्या टोकाला एक प्रोब व मागच्या दांड्याला दुसरा प्रोब टेकवावा. दोन्ही प्रोबच्या धातूला एकाच वेळी दोन्ही हातांची बोटे लागू देऊ नयेत, कारण मग शरीराचा रोध समांतर जोडला जातो आणि आकडा खाली येतो. गिटारच्या वाजवायच्या ताराही हाताने दाबून शांत कराव्यात. कंप पावणारी तार कॉइलमध्ये वीज निर्माण करते आणि मीटरवरचे आकडे नाचू लागतात.

अशा मोजणीत जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटोकास्टर पिकअपकडून साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम आणि पीएएफ ('पेटंट अप्लाइड फॉर' असे लेबल असलेल्या गिब्सनच्या जुन्या पिकअपांच्या) धर्तीच्या हंबकरकडून, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपकडून, ७ ते ९ किलोओहम अपेक्षित असतात. जोरकस हंबकर याहून बरेच वर जातात. सेमूर डंकनच्या जेबी या मॉडेलचा उत्पादकाने दिलेला आकडा १६.४ किलोओहम आहे.

मात्र जॅकमधून दिसणारा आकडा एकट्या पिकअपचा नसतो. नेहमीच्या जोडणीत व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा कमी-जास्त करता येणारा रोधक) पिकअपला समांतर असतो, त्यामुळे खरा रोध ८ किलोओहम असेल तर ५०० किलोओहमच्या पॉटसह ७.८७ दिसतो, आणि ६ किलोओहमचा पिकअप २५० किलोओहमच्या पॉटसह ५.८६ दाखवतो. फरक दोन टक्क्यांच्या आसपासचा आहे आणि तो काढून टाकता येतो: मीटरवरच्या आकड्याने पॉटच्या रोधाला गुणावे आणि पॉटच्या रोधातून मीटरवरचा आकडा वजा करून उरलेल्या संख्येने भागावे. टोनच्या पॉटची चिंता करू नये, कारण त्याच्यासोबत एकसर जोडलेला कपॅसिटर मीटरच्या एकदिश प्रवाहाला पुढे जाऊ देत नाही. व्हॉल्यूमबाबत मात्र हयगय चालत नाही. ५०० किलोओहमचा पॉट विजेच्या दृष्टीने मधोमध असला, तर ८ किलोओहमचा निरोगी पिकअप सव्वाशे किलोओहमहून अधिक दाखवतो. स्विच दोन पिकअपांच्या मधल्या स्थितीत राहिला, तर दोन्ही समांतर येऊन आकडा जवळजवळ निम्मा होतो. ईएमजीसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय पिकअपांना हा मार्ग लागूच पडत नाही. तिथे कॉइल आणि जॅक यांच्यामध्ये प्रवर्धक बसलेला असतो आणि मीटरला कॉइल दिसतच नाही.

या मार्गातला सर्वांत फसवा आकडा मी एका मे महिन्यात पुण्यात, मित्राच्या घरी पाहिला. त्याने नुकत्याच घेतलेल्या स्ट्रॅट धर्तीच्या गिटारचा मधला पिकअप फार क्षीण वाजत होता, पण आपोआप रेंज बदलणाऱ्या मीटरवर मात्र २४३ किलोओहम दिसत होते. इतका रोध म्हणजे वेढे भरपूर असणार आणि दोष दुसरीकडे कुठेतरी असणार, असा त्याचा समज झाला होता. प्रत्यक्षात कॉइल तुटलेली होती आणि मीटर फक्त २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट मोजत होता. पॉटचे खरे मूल्य त्याच्यावर छापलेल्या मूल्यापेक्षा इतके कमी-जास्त असतेच. म्हणून जॅकमधून मोजताना आकडा पॉटच्या मूल्याच्या आसपास आला, तर कॉइल तुटल्याचे समजावे. साधा मीटर २० किलोओहमच्या रेंजवर असेल, तर हाच दोष डावीकडे नुसता १ दाखवून समोर येतो.

दुसऱ्या मार्गाची गरज अशाच वेळी पडते. आम्ही पिकगार्ड (गिटारच्या दर्शनी भागावरची प्लास्टिकची पट्टी) उघडले, स्विचवरून त्या पिकअपची पांढरी तार सोडवली आणि मीटर थेट पिकअपला लावला. काहीच जोड मिळाला नाही. भिंगाखाली पाहिल्यावर कॉइलची बारीक तार पिकअपच्या तळाच्या धातूच्या कडीपाशी तुटलेली दिसली. सुदैवाने तिचे टोक बाहेर होते. तारेवरचा एनॅमलचा रोधक लेप हलकेच खरवडून ते पुन्हा कडीला सोल्डर केले, तेव्हा ६.१ किलोओहम आले आणि पिकअप वाजू लागला. तुटलेले टोक आतल्या थरांत असते, तर कॉइल नव्याने गुंडाळण्यावाचून इलाज नव्हता.

सर्किटपासून मोकळा केलेला पिकअप मोजण्याचा खरा लाभ हंबकरच्या बाबतीत दिसतो, कारण त्यात दोन कॉइल एकसर जोडलेल्या असतात आणि जॅकमधून त्यांची फक्त बेरीज कळते. चार तारांचा हंबकर असेल, तर प्रत्येक कॉइल वेगळी तपासता येते: सेमूर डंकनच्या रंगसंकेतात काळी-पांढरी ही एक जोडी आणि लाल-हिरवी ही दुसरी, तर डिमार्झिओच्या संकेतात लाल-काळी आणि पांढरी-हिरवी. दोन्ही जोड्यांवर जवळपास सारखे आकडे आले, तर दोन्ही कॉइल अखंड असल्याची खात्री पटते; एका जोडीवर काहीच न आल्यास दोष नेमका कुठे आहे, ते कळते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत बरीच वर्षे राहिलेली गिटार असेल, तर मी ही तपासणी टाळणार नाही. जुन्या धर्तीच्या सिंगल कॉइलमध्ये तार थेट चुंबकांच्या खुंट्यांवर गुंडाळलेली असते, खुंट्या गंजू लागल्या की सर्वांत आतले वेढे आधी खाल्ले जातात आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

या मार्गाची किंमतही तितकीच खरी आहे. सोल्डरिंग आयर्नचा चटका जास्त वेळ बसला तर स्विचचे प्लास्टिक वितळते, आणि जुन्या पिकअपच्या बारीक तारेला नुसता ओढा बसला तरी चांगली कॉइल निकामी होऊ शकते. गिटार व्यवस्थित वाजत असेल आणि जॅकमधला आकडा अपेक्षित पल्ल्यात असेल, तर दोन टक्क्यांच्या अचूकतेसाठी कारखान्यातले मूळ सोल्डर उचकटू नये. जुन्या, मौल्यवान गिटारच्या बाबतीत तर मूळ सोल्डर शाबूत असणे हा तिच्या किमतीचाच भाग असतो.

शिवाय तापमानाकडे लक्ष दिले नाही, तर ती अचूकता वायाच जाते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांच्या खोलीत ८ किलोओहम भरलेला पिकअप नागपूरच्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत ८.६३ दाखवील, आणि विक्रेत्याने वेगळाच पिकअप दिला असा संशय विनाकारण येईल. उत्पादकाच्या आकड्याशी तुलना करण्यापूर्वी हा हिशेब करावा. आयर्न लावल्यानंतर किंवा गिटार उन्हातून आत आणल्यानंतर लगेच मोजूही नये.

आता तिसरा मार्ग. रोध जास्त म्हणजे आवाज मोठा आणि जाड, हा समज इतका पक्का झाला आहे की अनेक जण फक्त किलोओहम पाहून पिकअप निवडतात. ही निवड चुकीच्या पायावर उभी आहे, असे मला ठामपणे वाटते. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारचा नेक पिकअप, म्हणजे मानेजवळचा पिकअप, पाहा. त्यावर पूर्वापार ४३ गेजची, म्हणजे आणखी बारीक तार वापरली जाते आणि तितक्याच वेढ्यांसाठी व तितक्याच लांबीसाठी तिचा रोध ४२ गेजच्या तारेपेक्षा सुमारे सव्वापट भरतो. त्यामुळे तो अनेकदा ७ किलोओहमच्या वर जातो, पण म्हणून स्ट्रॅटच्या ६ किलोओहमच्या पिकअपपेक्षा तो जोरात वाजत नाही.

आवाजाचा उजळपणा कुठे बसतो, ते बऱ्याच अंशी इंडक्टन्स ठरवतो. कॉइलचा इंडक्टन्स आणि तिला मिळणारा एकूण कपॅसिटन्स, ज्यात लीडचा वाटा मोठा असतो, यांतून एक अनुनाद तयार होतो आणि त्याच्यावरच्या वारंवारता झपाट्याने क्षीण होतात. एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरला, तर २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचा अनुनाद ४.२ किलोहर्ट्झजवळ येतो, साडेचार हेन्रीच्या पीएएफ धर्तीच्या हंबकरचा ३.१ किलोहर्ट्झजवळ आणि ८ हेन्रीच्या जोरकस हंबकरचा २.३ किलोहर्ट्झजवळ. कानाला सर्वांत जास्त जाणवणारा प्रदेश हाच आहे, आणि या तिन्ही पिकअपांतला फरक वाजवल्याबरोबर का कळतो, ते या आकड्यांतून दिसते. दुसरे असे की, कॉइलमधले काही वेढे एनॅमल उडून एकमेकांना चिकटले असतील, तर रोध जेमतेम हलतो, पण इंडक्टन्स त्याहून अधिक घसरतो. असा आजार मल्टिमीटरला सापडत नाही.

एलसीआर मीटर मात्र मल्टिमीटरपेक्षा महाग असतो, चांगला घ्यायचा तर काही हजार रुपये लागतात, आणि तो वापरताना समज लागते. मापन १०० किंवा १२० हर्ट्झवर आणि सिरीज मोडमध्ये करावे. वरच्या वारंवारतांवर कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स आणि धातूच्या भागांतले भोवरी प्रवाह आकडा बिघडवतात. याच मीटरने १ किलोहर्ट्झवर दाखवलेला रोध आणि मल्टिमीटरचा रोध एक नव्हेत, त्यांची तुलना करू नये. पिकअपही सर्किटपासून मोकळाच हवा, त्यामुळे दुसऱ्या मार्गाची जोखीम इथेही येते.

जुनी गिटार घेणाऱ्याने लीड आणि मल्टिमीटर खिशात घेऊन जावे, स्विचच्या प्रत्येक एकल स्थितीत मोजावे आणि तिथेच थांबावे. गिटारमध्ये अस्सल जुना पीएएफ असल्याचे विक्रेता सांगत असेल, तर ८ किलोओहम हा त्याचा पुरावा नव्हे. गिब्सनचे अभियंता सेठ लव्हर यांच्या या हंबकरचा पेटंट अर्ज १९५५ मध्ये झाला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. त्या काळातल्या नगांचे आकडे आपसांतच बरेच वेगळे आहेत, आणि आजची कोणतीही नक्कल त्यांपैकी कोणताही आकडा सहज गाठते. बंद पडलेल्या पिकअपसाठी आयर्न हाती घ्यावेच लागेल. आणि आवाजासाठी पिकअप बदलू पाहणाऱ्याने, एक-दोनदाच ही गरज पडणार असेल, तर मीटर विकत घेण्याऐवजी उत्पादकाकडे इंडक्टन्सचा आकडा मागावा. काही उत्पादक तो रोधाच्या शेजारीच देतात. स्वतः पिकअप गुंडाळणाऱ्याला मात्र एलसीआर मीटर घ्यावाच लागेल, आणि गुंडाळलेल्या प्रत्येक बॉबिनच्या तळाशी तारेचे गेज, रोध, इंडक्टन्स आणि मोजतेवेळचे खोलीचे तापमान पेन्सिलीने लिहून ठेवावे लागेल.