गच्चीवर नुसती पानांची झाडं: पावसाळा ते उन्हाळा, वापरून आलेला अनुभव

मागच्या जूनमध्ये पुण्यातल्या आमच्या गच्चीत फक्त पानांची झाडं लावली, आता मे संपत आलाय, म्हणजे तिन्ही ऋतू बघून झालेत, म्हणून सविस्तर लिहितेय. फुलं नसली तरी गच्ची अजिबात ओकीबोकी वाटत नाही, उलट भरलेली वाटते, फक्त शेजारी शेजारी काय ठेवताय त्यावर सगळं आहे. नर्सरीत रंगाकडे बघू नका, पान बघा.

आमच्याकडे सगळ्यात छान जमलंय ते स्नेक प्लांट, त्याच्या पायाशी अ‍ॅस्परॅगस फर्न आणि कुंडीच्या काठावरून खाली सुटलेलं जांभळ्या पानांचं पर्पल हार्ट. एकाचं पान जाड, ताठ, त्यावर आडवे गडद पट्टे, दुसऱ्याचं इतकं बारीक की लांबून नुसता हिरवा धूर दिसतो. हे फर्न खरं फर्न नाहीच, शतावरीच्या घराण्यातलं आहे, कुंडी बदलताना मुळांना पांढऱ्या पाणीदार गाठी दिसतात, त्या जोरावर ते चार दिवस पाण्याशिवाय आरामात काढतं. काटे असतात, हात जपून घाला. पर्पल हार्टला कडक ऊन द्या, सावलीत ते हिरवट पडतं. फांदी तुटली तर मातीत खोचा, लागते.

जिन्यातल्या अंधुक कोपऱ्यात झीझी प्लांट (ZZ) आहे, चकचकीत पानं, माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, एवढंच. जास्त पाण्यानं खालचा कंद कुजतो, त्यामुळे पावसात आडोशालाच ठेवा.

कोलियस मला फार आवडतं पण एप्रिलच्या दुपारच्या उन्हात पानं करपतात, ग्रीन नेटखाली हलवलं तर तरतं. तुरे आले की शेंडे खुडत राहा, झाड भरगच्च होतं. कॅलेडियम थंडीत पूर्ण झोपतं, कुंडी रिकामी दिसते म्हणून फेकून देऊ नका हो, आत कंद जिवंत असतो, पाणी थांबवा, उन्हाळ्यात परत फुटतं, आमचं फुटलंय. कॅलेथियाला मात्र ईझी केअर म्हणून विकतात ते मला अजिबात पटत नाही, पुण्याच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा तपकिरी होतातच.

क्रोटन आणि कोलियसवर पिठ्या ढेकूण आला होता, पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं. 1 लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारायचं, आठवड्यानं परत. गेला.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबाकिया आणूच नका, पान चावलं तर तोंडात प्रचंड आग होते आणि सूज येते. मनी प्लांट आणि झीझीही पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.