कासला स्थानिक गाइड घ्याच (सीतेची आसवं बघायची असतील तर)

सप्टेंबरमधे साताऱ्याजवळच्या कास पठारावर दुसऱ्यांदा जाऊन आलो. गेल्या वर्षी एका टूरवाल्याच्या बसने गेलेलो, त्याने तासाभरात उरकलं, फोटो काढा आणि चला, निळं निळं काहीतरी दिसलं एवढंच, नाव पण कुणी सांगितलं नाही. या वेळी स्वतःची गाडी, बुधवार, आणि तिथल्याच गावातले एक गाइड दादा.

ते निळंजांभळं म्हणजे सीतेची आसवं. नखाएवढं फूल, पण झाड मांसाहारी! दादांनी आम्हाला उकिडवं बसवलं. वाटेच्या कडेला कुणाच्यातरी बुटाने उखडलेलं एक रोप पडलेलं, ते त्यांनी ओंजळीत थोडं पाणी घेऊन त्यात ठेवलं आणि भिंग हातात दिलं. खरी मुळं नाहीतच, दोऱ्यासारखे तंतू आणि त्यांना खसखशीएवढे फुगे. फुग्याच्या तोंडाला झडप, बाहेर केस, पाण्यातला बारीक जीव केसाला लागला की झडप उघडते आणि तो सरळ आत ओढला जातो, पापणी लवायच्या आत. एवढा खटाटोप का, तर खाली सगळा जांभ्याचा कातळ, वर जेमतेम बोटभर माती, तिच्यातलं सत्त्व पाऊस धुवून नेतो, मग नायट्रोजन असा शिकारीतून मिळवायचा.

पुढे दवबिंदू नावाची दुसरी मांसाहारी वनस्पती पण दाखवली, लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. पोरं दहा मिनिटं तिथून हलेनात.

आता मनापासून सांगतो, कातळावर जे पाणी झिरपत असतं ना, तो चिखल नाहीये, या झाडांचं सगळं जगणं त्याच पाण्यात आहे, पाऊस गेला आणि कातळ सुकला की यांचा सीझन संपला. सेल्फीसाठी आत घुसणारे बघून फार वाईट वाटलं, दादा प्रत्येकाला हात जोडून बाहेर बोलवत होते. २०१२ पासून जागतिक वारसा आहे हो ही जागा.

बुकिंग ऑनलाइन करून जा, शनिवार-रविवार टाळा, छत्रीपेक्षा रेनकोट बरा कारण वारा भयंकर आणि बसल्याशिवाय काही दिसत नाही. दादांना पाच स्टार. फक्त भिंग एकच होतं आणि आम्ही सहा जण, तेव्हा आपलं घेऊन जा.