स्विच टाकताच आवाज आला, तेव्हाच उठून यायला हवं होतं

जुना ट्यूब ॲम्प (बेस गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) म्हणून विकलेल्या एका बनावट डब्यापायी माझे १,५९,००० रुपये गेले. हिशोब आधी देतो. टोकन म्हणून यूपीआयने ११,०००, माल घ्यायला गेलो त्या दिवशी यूपीआयने ६२,००० आणि रोख ७५,०००, टेम्पोचे ४,२००, आणि २३० व्होल्टचे ११७ करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर ६,८००. दोन वर्षांच्या आंब्याच्या पैशांतून बाजूला काढलेली रक्कम होती. कशासाठी काढतोय हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे आता जेवायला बसलो तरी मान खाली असते. लाज बाजूला ठेवून लिहितोय, कारण तो विकणारा माणूस तोच धंदा अजून करतोय.

मी सिंधुदुर्गातला. एकोणीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गणपती, लग्नं, जत्रा, आणि सीझनला किनाऱ्यावरची रिसॉर्ट. इतकी वर्षं मिळेल त्या ट्रान्झिस्टरच्या डब्यावर वाजवलं. पण डोक्यात एकच गोष्ट होती, ॲम्पेग या अमेरिकन कंपनीचा बी-१५ हा बेसचा ॲम्प. १९६० साली बाजारात आलेला, पंधरा इंची एकच स्पीकर, ताकद जेमतेम पंचवीस-तीस वॅट. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन हा ॲम्प वापरायचा. ट्यूब ॲम्पवर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या वॉल्ववर चालणाऱ्या ॲम्पवर, बेसचा सूर नुसता मोठा होत नाही, तो गोल होतो, जोरात वाजवलं की कडेला थोडा फाटतो आणि तो फाटणंही गोड लागतं. ज्याने ते कानांनी ऐकलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. मी फक्त रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं होतं, आणि माझं नुकसान तिथेच सुरू झालं.

एप्रिलमध्ये जाहिरात दिसली. १९६६चा बी-१५, निळ्या चौकडीचं कव्हर, किंमत १,४८,०००. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या एका जुन्या वादकाचा, तो वारल्यावर तीस वर्षं गावच्या घरात पडून. अशा जाहिराती कशा असतात हे तुम्हाला माहीतच आहे. मीही काही आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत. व्हिडिओ कॉल केला. पॉटवरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणामागच्या भागावरच्या, आकड्यांचा फोटो मागितला. अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात: १३७६६२३ असं लिहिलेलं असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे साल, २३ म्हणजे त्या सालातला आठवडा. त्याने पाठवलेल्या फोटोत सगळं बरोबर होतं. फक्त तो फोटो माझ्या समोरच्या ॲम्पचा होता की कुठून तरी उचललेला, हे मी तपासलं नाही. फोटोत पॉट एकटंच होतं, आजूबाजूची एकही वायर दिसत नव्हती. फोटोवर कधीही जाऊ नका. तुमच्यासमोर स्क्रू काढायला लावा, नाहीतर घेऊ नका.

मेच्या शेवटी घ्यायला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यात, हायवेपासून आत, खाडीकाठचं भाड्याचं घर. संध्याकाळ झालेली, वळवाचे ढग भरून आलेले, टेम्पोवाला दर दहा मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. स्टेपडाऊन मी गाडीत घालून नेला होता. ॲम्प अमेरिकन, ११७ व्होल्टचा, आपल्या २३० वर थेट लावला तर जळेल. तो म्हणाला, "दादा, गरज नाही, आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या करंटचा बसवून घेतलाय." पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस शपथेवर सांगत होता की आतला एकही भाग बदललेला नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच खुर्चीत बसून ऐकल्या आणि दोन्हींना मान डोलावली.

मागची पाटी उघडून बघू का, असं मी विचारलं. हो, विचारलं. तो म्हणाला, "नको, बंद असला तरी कपॅसिटरमध्ये चार-चारशे व्होल्ट साठलेले असतात, हात लावाल तर जागेवर जाल." हे खरं आहे. ट्यूब ॲम्पबाबत हे शंभर टक्के खरं आहे, आणि मला ते माहीत होतं, म्हणूनच मी गप्प बसलो. खऱ्या गोष्टीचा असा उपयोग कोणी करेल हे डोक्यात आलं नाही.

मग त्याने वरचा भाग उलटा केला. बी-१५ला फ्लिप-टॉप म्हणतात ते याचसाठी, वॉल्व बसवलेला वरचा भाग उलटवून कॅबिनेटच्या आत बंद करून ठेवता येतो. काचा ओळीने उभ्या राहिल्या. माझा बेस जोडलेला होता, बोट तारेवर होतं. त्याने खटका दाबला, काचा नारिंगी झाल्या आणि त्याच क्षणी माझी ई ची तार खोलीभर घुमली.

त्याच क्षणी. हे लिहितानाही हात थरथरतोय.

वॉल्व गरम झाल्याशिवाय बोलत नाही. आतली तार तापते, तिच्याभोवतीचा कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात आणि मग आवाज येतो. दहा-वीस सेकंद तरी जातातच. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या माजघरात फळीवर आजोबांचा मर्फी रेडिओ होता. सकाळी ते खटका दाबायचे, डायलमागचा पिवळा दिवा लागायचा आणि ते चूळ भरायला मागीलदारी जायचे. पंचाने तोंड पुसत परत येईपर्यंत रेडिओ गुणगुणायला लागलेला असायचा, मग आकाशवाणी. लहानपणी रोज सकाळी ते बघितलंय. त्या घरात मला ते वीस सेकंद मिळाले नाहीत आणि मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. मी हसलो. त्याला म्हणालो, "क्या बात है."

पुढेही संधी होती. चाळीस मिनिटं वाजवून झाल्यावर त्याने ॲम्प बंद केला आणि प्रवासात फुटतील म्हणून सगळे वॉल्व एकेक करून उघड्या बोटांनी उपसले, वर्तमानपत्रात गुंडाळले. चाळीस मिनिटं चाललेल्या पॉवर वॉल्वला हात लावून बघा, बोटाला फोड येईल. शिवाय काचेच्या आत चांदीसारखा डाग असतो, वॉल्व चांगला असेल तोवर तो चकचकतो, काचेत हवा शिरली की पांढरा पडतो. माझ्या वॉल्वचे डाग खडूसारखे पांढरे होते. मी ते बघितले आणि जुने आहेत म्हणून असतील असं समजलो.

आणि गंज! तीस वर्षं खाडीकाठच्या घरात पडलेल्या लोखंडी वस्तूच्या एकाही स्क्रूला गंज नव्हता. आपल्याकडे नवीन सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल होते. कोकणात कुणी जुना माल विकताना "बरीच वर्षं पडून होता" म्हणाला, तर आधी स्क्रूची डोकी बघा.

मला दोष देणाऱ्यांना एवढंच सांगतो की आमच्या अख्ख्या पट्ट्यात माझ्या माहितीत एकाकडेही हा ॲम्प नाही. ताडून बघणार कशाशी? त्याला सगळे शब्द येत होते, सिक्स-एल-सिक्स, बायस, मॅच्ड पेअर. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, हे मी विचारायच्या आधी त्यानेच मला बजावलं. इतकं जाणणारा माणूस चोर असेल असं वाटत नाही. पैसे रोख दिले ही मात्र माझी चूक, तिला सबब नाही. यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख असते, पण त्या दिवशी मी यूपीआयने ६२,०००च दिले, उरलेले त्याने "ताईच्या उपचाराला लागतात" म्हणून रोख मागितले. पावती नाही.

सतरा दिवस मी त्या ॲम्पवर वाजवलं. आवाज जोर दिल्यावर गोल होत नव्हता, कोरडा तडकत होता. वॉल्व थकले असतील, नवीन जोडी मागवू, असं म्हणत राहिलो. मग जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात लाईट गेली. मी अंधारात बेस मांडीवर घेऊन तार छेडत बसलो, खटका बंद करायचा राहिला. पाऊण तासाने लाईट आली. डोक्यावरच्या पंख्याचं पातं अजून हलायचं होतं आणि माझी तार ॲम्पमधून वाजली. थंड पडलेल्या काचांतून, पंख्याच्या आधी. तेव्हा कुठे मला मागीलदारी चूळ भरणारे आजोबा आठवले.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीकडच्या एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चार स्क्रू काढले, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "ह्यां काय घेवन इलंस रे? ह्येच्यात वाल्व खंय आसत?" तळहाताएवढी एक क्लास-डी पट्टी, म्हणजे वॉल्वशिवाय चालणाऱ्या आजच्या ॲम्पचं सर्किट, शेजारी छोटा पॉवर सप्लाय, बस. वॉल्व मेलेले, बुडाचं काळं टोपण काढून आत नारिंगी एलईडी बसवून परत चिकटवलेलं. पॉट नवीन, पाठीवर एकही आकडा नाही. आणि ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याच्या डब्यांत सिमेंट ओतलेलं. वजन भरावं म्हणून. दोन माणसांनी उचलून टेम्पोत चढवला होता ते सिमेंट होतं. काकांनी पैसे घेतले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता सरकारी कारभार. ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवलं. मग विचारलं, "वाजतो ना? मग फसवणूक कसली?" मी सिमेंट भरलेला डबा टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवून माझ्या अर्जात "जुना स्पीकर" असं लिहिलं. दीड लाखाचा स्पीकर कोण घेतं, असं एकमेकांकडे बघून म्हणाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, व्यवहार आमच्या हद्दीत झाला नाही, तिकडे जा. तिकडे गेलो, एकशे वीस किलोमीटर, तर ते म्हणाले, तुम्ही राहता तिकडे द्या. तिसऱ्या खेपेला "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा." चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. माणूस ठरवून डब्यात सिमेंट ओततो, मेलेल्या काचांत दिवे बसवतो, आणि हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी कागद छापून नेला होता. कुणी हातात घेतला नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण त्या खात्यात तोवर काहीच उरलं नव्हतं. माझ्यासारखे दिवस घालवू नका. शंका आली त्याच तासाला १९३० लावा, घरच्यांना काय सांगायचं हे नंतर ठरवा. आणि ठाण्यात घेतलं नाही तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोचपावतीसह. मी पाठवलंय. पाच आठवडे झाले, उत्तर नाही. पुढची पायरी मॅजिस्ट्रेट, तीही चढणार.

ट्यूब ॲम्प बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत तो बंद ठेव. गेल्यावर वॉल्वच्या काचेला हात लावा, थंड लागली पाहिजे. बेस जोडा, तार छेडत राहा आणि मग खटका दाबायला सांगा. सेकंद मोजा. खटका दाबताच आवाज आला तर पैसे खिशात ठेवून उठा, टोकन गेलं तरी जाऊ दे. जाताना जुना रेडिओवाला सोबत न्या, गिटारवाला मित्र नको.

परवा रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, जिल्हा रायगड, किंमत १,५२,०००. लाल कोब्याची जमीन, मागे निळी ताडपत्री, आणि ॲम्पच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर कव्हर अंगठ्याएवढं उचकटलेलं. माझ्या पडवीत पडलेल्या ॲम्पचाच फोटो आहे तो, तो कोपरा मी रोज बघतो. दिसली तर टोकन पाठवू नका, आणि तो नंबर मला कळवा.