जर्मनीच्या ब्लू कार्डच्या नावाखाली माझे ४,६३,६०० रुपये कसे गेले

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदव्युत्तर पदवीधर असून चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम आठ वर्षांपासून करतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक शोधून माल परत पाठवण्याचा मला पगार मिळतो. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण ‘एवढा शिकलेला असून फसलास कसा?’ हा प्रश्न मला घरी, कारखान्यात आणि पोलीस ठाण्यातसुद्धा विचारून झाला आहे. ब्लू कार्ड हा युरोपीय संघातील देशांत नोकरीसाठी मिळणारा निवास परवानाच मुळात उच्चशिक्षितांसाठी असतो. त्यामुळे या धंद्यात गळाला लागणारे गिऱ्हाईक शिकलेलेच असणार, एवढे तरी विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

डिसेंबर २०२४ मध्ये महाविद्यालयातील एका मित्राच्या सांगण्यावरून मी सोलापुरात होटगी रस्त्यावरील, परदेशी नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका एजंटाच्या कार्यालयात गेलो. दुसरा मजला, काचेचा दरवाजा आणि भिंतीवर हातात कार्ड धरून हसणाऱ्या तरुणांची छायाचित्रे. तेथील गृहस्थ सोलापूरचेच होते आणि माझ्या वडिलांचा यंत्रमाग कोणत्या पेठेत होता, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी पहिल्या भेटीत जे सांगितले, ते जवळजवळ सगळे खरे होते. जर्मनीत अभियंत्यांचा तुटवडा आहे, नोव्हेंबर २०२३ पासून ब्लू कार्डचे नियम शिथिल झाले आहेत, कार्डधारकाला २७ महिन्यांनी आणि जर्मन भाषेची बी-वन पातळी असल्यास २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, ही सगळी माहिती मी त्याच रात्री घरी बसून पडताळून पाहिली आणि ती बरोबर निघाली. मी काहीच तपासले नाही, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे की मी तपासले होते. फक्त जे खरे होते तेवढेच तपासले. ‘या कार्डावर सत्तावीसही देशांत काम करता येते, सर, आयर्लंडमध्येसुद्धा,’ हे त्यांचे वाक्य मात्र मी तसेच सोडून दिले. युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांपैकी आयर्लंड आणि डेन्मार्क हे दोन देश या योजनेत नाहीतच.

पहिला हप्ता नोंदणीचा होता. २०,००० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे २३,६०० रुपये यूपीआयने दिले. पावतीवर जीएसटीची रक्कम होती, जीएसटी क्रमांक नव्हता. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा सुरू असताना, पदवीच्या मूल्यांकनासाठी ८५,००० रुपये घेतले. ज्या प्रमाणपत्रासाठी ही रक्कम घेतली, त्याचे बॉन येथील सरकारी कार्यालयाचे शुल्क २०८ युरो, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास आहे आणि त्याचा अर्ज उमेदवाराला स्वतः करता येतो. शिवाय विद्यापीठ आणि पदवी यांची नोंद ‘अनाबिन’ या जर्मन संकेतस्थळावर आधी फुकट पाहता येते. कुणी मूल्यांकनाचे पैसे मागितले, तर प्रथम तेथे जाऊन आपली पदवी शोधा.

आता ज्या क्षणाची मला सर्वांत जास्त लाज वाटते, त्याविषयी लिहितो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला जर्मन कंपनीचे म्हणून चार पानांचे करारपत्र दाखवण्यात आले. तिसऱ्या पानावर दरमहा ३,५०० युरो वेतन लिहिलेले होते. मी तेथेच मोबाईल काढला, ३,५०० ला ९० ने गुणले आणि पडद्यावर ३,१५,००० हा आकडा आला. माझा पगार तेव्हा ४१,००० रुपये होता. मी तो आकडा पत्नीला पाठवला, तिने तो आईला वाचून दाखवला, आणि त्यानंतर त्या कागदाकडे मी तपासणीसाच्या नजरेने पाहिलेच नाही. त्याच ३,५०० ला मी १२ ने गुणले असते, तर वर्षाचे ४२,००० युरो झाले असते. २०२५ साली जर्मनीच्या ब्लू कार्डसाठी किमान वार्षिक वेतन ४८,३०० युरो आणि अभियंत्यांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांसाठी ४३,७५९.८० युरो होते. म्हणजे ते करारपत्र अगदी अस्सल असते, तरी त्यावर ब्लू कार्ड मिळाले नसते. ही मर्यादा दर वर्षी बदलते आणि जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. मी मात्र नव्वदने गुणून मोकळा झालो.

त्याच पानाच्या तळाशी कंपनीचा पत्ता होता आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड होता. जर्मनीतील पिनकोड पाच आकडी असतो. कुणीतरी आपल्याकडच्या सवयीने एक आकडा जास्त लिहिला होता आणि आपल्याकडच्याच सवयीने मला तो खटकला नाही. या करारपत्रासाठी मी २,४०,००० रुपये दिले. त्यांपैकी १,४०,००० बँकेतून पाठवले आणि १,००,००० रोख दिले, कारण ‘तिकडच्या माणसाला रोखच द्यावे लागते’ असे सांगण्यात आले. आईच्या पाटल्या आणि गोठ एका पतसंस्थेत सोनेतारण ठेवून १,८०,००० उभे केले; उरलेले माझ्या बचतीतले होते. नोकरी देणारा मालक नोकरीसाठी पैसे घेत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. परंतु आपल्याकडे शिक्षकाच्या नोकरीलासुद्धा काय मोजावे लागते, हे पाहत मोठा झालेला माणूस अशा मागणीने दचकत नाही, हेही तितकेच खरे.

त्यांच्या एजंट म्हणून असलेल्या परवान्याविषयी मी एकदा विचारले होते, हे माझ्या बाजूने नोंदवतो. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, त्याचे नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधता येते आणि नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व जीएसटी यांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. माझ्या प्रश्नावर कार्यालयातले ते गृहस्थ हसून म्हणाले, ‘सर, ते लायसन गवंडी-सुतार आखातात पाठवणाऱ्यांसाठी. तुम्ही मास्टर्सवाले.’ मला ते ऐकून बरे वाटले. एवढेच घडले, आणि तेथे माझा प्रश्न संपला.

एप्रिलमध्ये १,१५,००० रुपये ‘कार्डाच्या आगाऊ मंजुरी’साठी मागितले गेले आणि या वेळी खाते एका वेगळ्याच व्यक्तीच्या नावावर होते. दोन दिवसांनी मोबाईलवर माझे नाव व छायाचित्र असलेले ब्लू कार्ड आले. कार्यालयाने त्याची रंगीत प्रत काढून, प्लास्टिकचे आवरण चढवून माझ्या हातात दिली आणि भिंतीसाठी माझे छायाचित्र घेतले. मी हसलो होतो. प्रत्यक्षात भारतीय नागरिक आधी राष्ट्रीय व्हिसा घेऊन जर्मनीत जातो, त्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो असते, आणि कार्ड तेथे पोहोचल्यावर स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडून मिळते. होटगी रस्त्यावर बसून कोणालाही ब्लू कार्ड मिळत नाही. हे मला मे महिन्यात कळले, जेव्हा त्यांनी फोन उचलणे बंद केले आणि मी व्हिसाचा अर्ज स्वतः भरण्यासाठी जर्मन परराष्ट्र खात्याचे संकेतस्थळ पहिल्यांदा नीट वाचले. तोपर्यंत काचेच्या दरवाजाला कुलूप लागले होते.

त्यानंतरची कथा फसवणुकीपेक्षा लांबली. पहिल्या पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की करारपत्र आहे, पावती आहे, म्हणजे हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, न्यायालयात जा. पैसे ऑनलाइन गेले असल्यास सायबर पोलिसांकडे जा, असेही सांगितले. सायबरकडे गेलो, तर एक लाख रोख दिले आहेत आणि समोरचा माणूस समोरासमोर भेटलेला आहे, म्हणून हे प्रकरण पोलीस ठाण्याचे. परत पहिल्या ठिकाणी आलो, तेव्हा त्या वेळचे साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या साहेबांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतले आणि शेवटी ‘जर्मनीत एवढे काय आहे हो?’ असे विचारले. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या मदत क्रमांकावर मी शेवटचे पैसे दिल्यानंतर एक्केचाळिसाव्या दिवशी फोन केला. तोवर खाते रिकामे झाले होते. पैसे गेल्याचे कळल्यावर त्या तासातच हा क्रमांक लावावा, ओळखीच्या वकिलाचा सल्ला, घरातील चर्चा, मित्राचा मित्र पोलीस आहे का, हे सगळे नंतर. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या इच्छेने पाठवले आहेत. हे वाक्य त्यांनी लेखीही दिले. तेवढे एकच उत्तर मला वेळेवर मिळाले.

सहा फेऱ्यांनंतर माझ्याकडून ‘तक्रार अर्ज’ घेण्यात आला. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे कृपया प्रत्येकाने समजून घ्यावे. अर्जावर आवक क्रमांक मिळतो, तो ‘चौकशीवर’ राहतो आणि आपण विचारायला गेलो की चौकशी करणारी व्यक्ती रजेवर असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने लेखी तक्रार व त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, ही माहिती मला कोणत्याही खिडकीवर मिळाली नाही. ती एका वकील भगिनींनी दिली. मी टपालाने तक्रार पाठवली असून पोचपावती जपून ठेवली आहे. रोख दिलेल्या एक लाखाचा मात्र माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही, त्यामुळे कागदोपत्री माझे नुकसान ३,६३,६०० रुपयेच आहे. सोनेतारणाचे व्याज पतसंस्था पूर्ण १,८०,००० वर घेते.

मागच्या आठवड्यात माझ्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एका मुलाचा फोन आला. विजापूर रस्त्यावर नव्या नावाने उघडलेल्या कार्यालयात त्याने भिंतीवर माझे छायाचित्र पाहिले होते आणि मोठ्या आदराने तो मला विचारत होता, ‘दादा, तिकडे थंडी फार असते का?’ मी जुळे सोलापुरातील माझ्या घराच्या गच्चीवर उभा होतो. त्याचे नोंदणीचे पैसे भरून झाले होते. सोमवारी आम्ही दोघे एकत्र पोलीस ठाण्यात जाणार आहोत. त्याने पाठवलेली पावती मी माझ्या पावतीशेजारी ठेवून पाहिली: २३,६०० रुपये, तीच सही, जीएसटी क्रमांकाची तीच रिकामी जागा, आणि पावती क्रमांकही माझाच.