गुडघ्यातून ‘पू’ काढणारे भामटे : माझ्या आईवडिलांच्या बाबतीत काय घडलं

घरात गुडघेदुखीने बेजार झालेलं कुणी वयस्कर माणूस असेल, तर हे त्यांना जरूर वाचून दाखवा. माझ्या आईवडिलांचे दोन लाख रुपये घेऊन गेलेले लोक डॉक्टर म्हणून घरात आले होते. त्यांची पद्धत इतकी ठरलेली आहे की आम्ही तक्रार द्यायला गेलो, तेव्हा अर्धी हकिगत आम्ही सांगितली आणि उरलेली समोरच्या पोलिसांनीच सांगितली.

आईबाबा डोंबिवलीत राहतात, मी मुलुंडला. आई निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह आहे. उजवा गुडघा गेली काही वर्षं सतत दुखतो. स्टेशनचा जिना ती कठड्याला धरून, डावा पाय आधी टाकून, एकेक पायरी चढते. अशी चालणारी बाई गर्दीतही लांबून ओळखू येते, आणि हे लोक नेमकी तीच चाल शोधत फिरत असतात.

फडके रोडवर भाजी घेऊन ती परत निघाली होती. चाळिशीतला एक माणूस जवळ आला. इस्त्रीचा शर्ट, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. “काकू, रागावू नका, पण तुम्हाला चालताना पाहिलं म्हणून थांबलो. माझी आई अगदी अशीच चालायची. ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतली होती. आता रोज सकाळी गणपतीच्या देवळात चालत जाते.” आईने साहजिकच विचारलं, कुणाचं औषध? त्यावर तो म्हणाला, नाव आठवत नाही, आईलाच विचारतो. त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून एक म्हातारा आवाज आला: “अहो ताई, मी तर आशाच सोडली होती. पण ते डॉक्टर कुणाला लगेच वेळ देत नाहीत हो.” आईने त्या बाईशी बराच वेळ गप्पा मारल्या. दुखणं कधी वाढतं, रात्री झोप लागते का, पाटावर बसता येतं का, सगळं बोलून झालं. निघताना त्या माणसाने बिलाच्या पाठीवर नंबर लिहून दिला. पैशाचा विषयसुद्धा काढला नाही.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण खरी फसवणूक इथेच झाली होती. पुढचं सगळं याच्याच जोरावर झालं. आईला कुणी जाहिरात दाखवली नव्हती, कुणी दारात येऊन काही विकत नव्हतं. नंबर तिने स्वतः मागून घेतला होता. त्यामुळे तो आपणच शोधलेला उपाय आहे असं तिला वाटत राहिलं. आणि दुसरं असं की तिचं दुखणं इतका वेळ कुणीच ऐकून घेतलं नव्हतं. सरकारी असो वा खासगी, बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपुढे रांग असते. एक्स-रे बघितला, “झीज झाली आहे, वजन कमी करा, पुढे-मागे सांधा बदलावा लागेल” एवढं सांगितलं की पुढचा पेशंट. सल्ला बरोबरच असतो. पण झीज म्हणजे काय, आत्ता नेमकं काय करायचं, ऑपरेशन टाळता येईल का, हे प्रश्न मनातच राहतात. भामटे त्या रिकाम्या जागेत शिरतात.

फोन केल्यावर “डॉक्टरसाहेब दोनच दिवस मुंबईत आहेत, तुमच्या नशिबाने उद्या सकाळी कल्याणला येणार आहेत” असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी दोघं जण घरी आले. एक पन्नाशीचा, पांढरा कोट हातावर घेतलेला, आणि एक तरुण मदतनीस. डॉक्टर म्हणवणाऱ्याने गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, आत पू साठला आहे, तो काढला की पाय मोकळा. तपासणीचे पाचशे, आणि पू काढायचे एका थेंबाला चार हजार. “साधारण दहा-बारा थेंब निघतील,” हे तो इतक्या सहज म्हणाला की बाबांनी मनात चाळीस-पन्नास हजारांचा हिशेब केला आणि मान हलवली. सांधा बदलायचा तर याच्या कितीतरी पट खर्च येतो, हे त्यांना माहीत होतं.

मग आईला पलंगावर बसवलं. स्पिरिटचा बोळा फिरवला, खिशातून ब्लेड काढून गुडघ्याभोवती बारीक बारीक चिरा दिल्या. पितळेची एक नळी, एका टोकाला तुंबडीसारखी पसरट, ती चिरेवर ठेवून तोंडाने ओढायचं आणि स्टीलच्या ताटलीत टाकायचं. ताटलीत पिवळसर, घट्ट थेंब पडायचा. त्यावर तो कसलीशी पांढरी पूड टाकायचा आणि थेंब लाल व्हायचा. “बघा, विष आहे हे.” मदतनीस वहीच्या कागदावर प्रत्येक थेंबाला एक रेघ ओढत होता. रेघा वाढायला लागल्या तशी आई घाबरली, थांबा म्हणाली. त्यावर उत्तर मिळालं की आता अर्ध्यावर सोडलं तर विष वर चढेल, हृदयापर्यंत जाईल. स्वतःच्या घरात, पायातून रक्त येत असताना, समोर पांढरा कोट घातलेला माणूस हे सांगतो तेव्हा कोण थांबवेल? शेवटी ७४ रेघा झाल्या. दोन लाख शहाण्णव हजार. “तुम्ही शिक्षक माणसं, आम्ही काही लुटायला आलो नाही,” म्हणून अडीच लाखांवर सौदा मिटवला.

घरात चाळीस हजार होते, ते घेतले. मग तो मदतनीस बाबांना रिक्षाने बँकेत घेऊन गेला, वाटेत त्यांना पढवलं की कुणी विचारलं तर घराचं काम काढलंय म्हणा. रोखपालाने विचारलंच, एवढी रोकड कशाला? बाबांनी पढवलेलं उत्तर दिलं आणि एक लाख साठ हजार काढून दिले. तोवर तो दुसरा माणूस घरात आईजवळ बसून होता. उरलेल्या पन्नास हजारांचा पुढच्या सोमवारचा चेक लिहून घेतला.

आता ताटलीतल्या त्या थेंबाबद्दल. हळदीत चुना किंवा सोड्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते. आपलं पारंपरिक कुंकू असंच तयार होतं. आईने आयुष्यभर हळदीचा हात साबणाने धुताना तो लालसर होताना पाहिला आहे. पण भीतीने गोठलेल्या माणसाला त्या क्षणी हे आठवत नाही. पिवळा थेंब बहुधा आधीच तोंडात किंवा नळीत ठेवलेला असतो. गुडघ्यातून तो येणं शक्यच नाही.

का शक्य नाही, हे नंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी आम्हाला वेळ काढून समजावलं. वयोमानाने होणाऱ्या झिजेत हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे तिथला गुळगुळीत थर, पातळ होते, त्यामुळे हाडं घासतात आणि दुखतं. तिथे पू नसतोच. निरोगी गुडघ्यात वंगणासारखा द्रव असतो, तो चमचाभरही भरत नाही. सूज असेल तेव्हा तो वाढतो, आणि गरज पडली तर डॉक्टर त्वचा निर्जंतुक करून, सांध्यात पोहोचेल एवढी लांब सुई घालून तो काढतात, प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात. कातडीवर ब्लेडची चीर देऊन सांध्यातलं काहीच बाहेर येत नाही, कारण मध्ये चरबी आहे, स्नायूबंध आहेत, सांध्याचं जाड आवरण आहे. सांध्यात खरोखर पू झाला तर माणूस असा बाजारात भाजी आणायला जाऊ शकत नाही. गुडघा लाल आणि गरम होतो, बहुतेकदा ताप भरतो, पाय टेकवत नाही, आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं.

आयुर्वेदात रक्तमोक्षण, म्हणजे उपचार म्हणून रक्त काढणं, आहे, जळवा लावतात, तुंबडीचाही उल्लेख आहे. ही मंडळी त्याच शब्दांचा आधार घेतात. पण नोंदणी असलेला वैद्य आपल्या दवाखान्यात बसतो, नाडी-साखर-रक्तदाब बघतो, कागदावर लिहून देतो आणि थेंबाचा दर लावत नाही. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीचा व्यवसाय करणं १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली गुन्हा आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेदाच्या डॉक्टरांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारला तर खरा डॉक्टर कधी चिडत नाही. चिडला, टाळाटाळ केली, तर दार उघडायचंच नाही.

आम्हाला कळलं तेव्हा रविवार होता. मी गेले तर आईने पाय चादरीखाली घेतला. डास चावून काहीतरी झालंय म्हणाली. चादर बाजूला केली तेव्हा गुडघ्याभोवती चिरांची रांग दिसली, आणि त्यातल्या एकीत पू झाला होता. गुडघ्यात कधीच नसलेला पू त्या ब्लेडने तिथे आणला होता. मधुमेही माणसाच्या पायाला अशी जखम किती महागात पडू शकते, हे मधुमेहाच्या घरांना वेगळं सांगायला नको. फॅमिली डॉक्टरांनी त्याच दिवशी जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, प्रतिजैविकं सुरू केली. ब्लेड आधी कुणावर वापरलं होतं कुणास ठाऊक, म्हणून कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ आणि एचआयव्हीच्या तपासण्या करायला सांगितल्या, आणि त्या काही आठवड्यांनी पुन्हा करायच्या आहेत. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे. दोन लाख गेले ते गेले, पण त्या माणसाने माझ्या आईच्या पायाला घाण हत्यार लावलं.

ती सांगत का नव्हती? “मी पोरांना आयुष्यभर शिकवलं, आणि मीच अशी...” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाबा तिच्यापेक्षा गप्प. या टोळ्यांची सगळी भिस्त या लाजेवर आहे. निवृत्त, शिकलेली, चार लोकांत मान असलेली माणसं ते शोधतात, कारण ही माणसं तक्रारीला जात नाहीत. म्हणून मुलांना, सुनांना, जावयांना माझं कळकळीचं सांगणं आहे: असं काही कानावर आलं तर पहिल्या वाक्यात “तुम्हाला कळलं कसं नाही” म्हणू नका. ते म्हटलंत की पुढची गोष्ट तुम्हाला कळणार नाही, आणि तेच भामटे तोच नंबर घेऊन शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातील.

आईच्या गुडघ्याचं आता जे चाललंय ते साधं आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, हळू खाली आणायचा. काठी घेतली आहे, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात. खाली बसणं बंद, कमोडला हातांसाठी आधार बसवला. वजन थोडं जरी उतरलं तरी चालताना गुडघ्यावरचा भार त्याच्या कितीतरी पटीने हलका होतो. पुढे सांधा बदलायची वेळ आलीच, तर दोन वेगळ्या डॉक्टरांचं मत घेऊ. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवून मागायची, हेही आता ठरलेलं आहे.

तुमच्या घरात हे घडून गेलं असेल, तर आधी जखम डॉक्टरांना दाखवा, घरी हळद लावून झाकू नका. चेक दिला असेल तर वटण्याआधी बँकेला लेखी कळवून थांबवा, नेट बँकिंगवरूनही होतं. आमचे पन्नास हजार सोमवारी सकाळी बँक उघडताच असे वाचले. पैसे यूपीआय किंवा ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. ते लोक घरात असतानाच संशय आला तर पोलिसांसाठी ११२ वर फोन करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे, कुणाशी बोलावं सुचत नसेल तर तिथे बोलता येतं. फोन नंबर, नंबर लिहिलेला कागद, वापरलेला कापूस, काहीही टाकू नका, आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी काढून घ्या. पोलीस ठाण्यात फसवणुकीबरोबरच, नोंदणी नसताना वैद्यकी करून शरीराला इजा केल्याचंही तक्रारीत लिहायला लावा. आमच्या तक्रारीला आम्ही सोसायटीच्या फाटकावरचं चित्रण, बिलाच्या पाठीवरचा तो नंबर आणि ७४ रेघांचा कागद जोडला आहे. तपास सुरू आहे. फडके रोडवर मेथीची जुडी घेऊन उभा असलेला तो माणूस अजून सापडलेला नाही.