पाण्याची बाटली घेऊन गेले, हिटर घेऊन आले

जळगावच्या या शोभेच्या माशांच्या दुकानाला पाच स्टार देते आहे. दोन तक्रारी आहेत, त्या शेवटी लिहीन. पण ज्यांच्या घरी एंजल मासे आहेत आणि वाढत नाहीत, त्यांनी हे सगळं वाचावं, कारण मी चार महिने याच काळजीत काढलेत.

मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या हट्टापायी तीन फुटी टँक घेतला, साधारण दीडशे लिटरचा. त्यात पाच एंजल, आठ टायगर बार्ब, चार मॉली आणि काच चाटणारा एक प्लेको. सगळं एकाच दुकानातून, एकाच दिवशी. (ते दुकान हे नव्हे.) एंजल तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते. फेब्रुवारी संपत आला तरी नाण्याएवढेच. मॉलींना दोनदा पिल्लं झाली, बार्ब गरगरीत झाले आणि एंजल आपले कोपऱ्यात पंख आवळून उभे. आधी वाटलं, रोज बघतो म्हणून फरक कळत नसेल. म्हणून टँकच्या मागच्या काचेला आलेखाचा कागद बाहेरून चिकटवला आणि मासा काचेजवळ गेला की मोजायचं ठरवलं. शेपटी सोडून अडीच सेंटिमीटर. महिनाभराने परत अडीच.

पहिल्या दुकानात दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा 'वाढतील हो मॅडम' एवढंच ऐकलं. दुसऱ्यांदा वाढीचं म्हणून लाल दाण्यांची सुटी पिशवी हातात पडली, १८० रुपये. पिशवीवर ना कंपनीचं नाव, ना तारीख.

या दुकानाचं एका सहकारी शिक्षकांकडून कळलं. आधी फोन केला तर दुकानवाल्या भाऊंनी मासे किती, केवढे हे विचारलंच नाही. म्हणाले, "ताई, टँकचं पाणी आणा. बाटली स्वच्छ धुवा, साबण लावू नका, काठोकाठ भरा." तशी एक लिटरची बाटली पिशवीत घालून एसटीने तापी ओलांडून जळगावला गेले. दुकान पहिल्या मजल्यावर, खोली दहा बाय बाराची असेल. भाऊंच्या आई गल्ल्याजवळ बसलेल्या होत्या. "बस वं माय, उन्हाची आलीस," म्हणून आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग भाऊंनी काचेच्या नळीत पाच मिली पाणी घेतलं. एका बाटलीतले दहा थेंब टाकले. दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली, कारण तिच्यातली पावडर तळाला बसते आणि न हलवता टाकली तर आकडा खोटा येतो. तिचे दहा थेंब टाकून नळी परत हलवली आणि पाच मिनिटं घड्याळ लावलं. पाणी आधी पिवळं, मग नारिंगी, मग गडद लाल झालं. ते नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा क्षार. ८० पीपीएमच्या वर. दुसऱ्या नळीत अमोनिया बघितला, तिथे पिवळ्याऐवजी हिरवट झाक आली. अमोनिया मुळीच असायला नको.

त्यांनी विचारलं, पाणी कसं बदलता? मी खरं ते सांगितलं. महिन्याला एकदा सगळा टँक रिकामा करायचा, दगड घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवायचा. मला वाटायचं, स्वच्छता म्हणजे हीच. तेव्हा त्यांनी सांगितलं की माशांच्या लघवी-विष्ठेचा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजवरच राहतात. क्लोरीनच्या नळाखाली धुतला की ते मरतात, म्हणजे दर महिन्याला टँक पहिल्यापासून सुरू. आणि मधल्या तीस दिवसांत अमोनियाचा पुढे नायट्रेट होऊन तो साचत जातो. लहान एंजलची वाढ अशा पाण्यात खुंटते.

पुढचा प्रश्न तापमानाचा. माझ्याकडे थर्मामीटरच नव्हता. हिटर होता, ५० वॅटचा. दीडशे लिटरला साधारण १५० वॅट लागतो, लिटरमागे एक वॅट धरायचा. त्यांनी त्या दिवशी हिटर विकला नाही. चाळीस रुपयांचा काचेचा थर्मामीटर दिला आणि तीन दिवस पहाटे आणि संध्याकाळी वाचून फोन करा म्हणाले. पहाटे २१, २२, २१. संध्याकाळी २६. एंजल ॲमेझॉन खोऱ्यातला मासा, त्याला २६ ते २८ लागतं. आमच्याकडची थंडी आपल्याला गोड लागते, त्यांची भूक मरते. मग १५० वॅटचा हिटर घेतला.

बार्ब मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी काढायला लावले. एक तर ते एंजलच्या लांब पंखांना चावतात. माझ्या दोन एंजलचे खालचे दोऱ्यासारखे पंख अर्धे तुटलेले होते, ते मी शेवाळाने झिजले असं समजत होते. दुसरं म्हणजे दाणा पाण्यात पडायच्या आत बार्ब संपवतात. एंजल थबकत, बघत खातो. मी रोज दोनदा खायला घालत होते आणि एंजल उपाशी होते, हे मला आजही लागतं. बार्ब भाऊंनी परत घेतले. पैसे दिले नाहीत, पण मी घेतलेल्या स्पंज फिल्टरचे पन्नास रुपये कमी केले.

लाल दाण्यांची पिशवी त्यांनी हुंगून बाजूला ठेवली. उघडं राहिलेलं खाद्य जुनं झालं की त्यातलं व्हिटॅमिन सी निघून जातं, म्हणाले. छोटा सीलबंद डबा घ्यायचा, दोन महिन्यांत संपवायचा. दिवसातून तीनदा थोडं थोडं, आणि आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या).

मुलाला तिथले पिवळेधमक आफ्रिकन मासे फार आवडले, मलावी सरोवरातले. भाऊंनी चक्क नाही म्हटलं. तेही एंजलसारखे सिक्लिड कुळातलेच, पण आक्रमक, एंजलबरोबर नको. आमच्या बोअरच्या जड पाण्यात ते मासे एंजलपेक्षा खूश राहतील, पण त्यांना वेगळा टँक हवा, असं समजावून सांगितलं. विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता. बोलता बोलता हेही कळलं की बाजारातला तिलापिया आणि केरळचा करीमीन हे याच कुळातले. ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.

आता जुलै आहे. दर रविवारी तीस टक्के पाणी बदलते. टँकमध्ये घालायचं नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवते, त्यात क्लोरीन मारणारे थेंब घालते. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळते. आलेखाच्या कागदावर चार एंजल पाच ते सहा सेंटिमीटर भरतात. पाचवा साडेतीनवर अडकलाय. त्याचे डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात. त्याचा फोटो पाठवला तेव्हा भाऊंनी सरळ सांगितलं की लहानपणी खुंटलेला मासा पुढे बरा जगेल, पण बाकीच्यांएवढा होईलच असं नाही. औषध विकलं नाही. मेमध्ये बाहेर पारा ४५ ला टेकला आणि टँक ३३ वर गेला तेव्हाही फोनवरच मार्ग सांगितला: झाकण काढा, टेबल फॅन पाण्यावर सोडा, एअर पंप चालू ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. तीन अंश उतरला.

तक्रारी अशा. जिना अरुंद आणि काळोखा आहे, टँक घेऊन उतरताना दोन माणसं लागतात. आणि दुपारी एक ते पाच दुकान बंद असतं, पाटीवर मात्र तसं लिहिलेलं नाही. मी एकदा मुलाला घेऊन तीन तास गोलाणी मार्केटमध्ये काढले. तेवढी वेळ पाटीवर टाका, भाऊ.

जाणार असाल तर सकाळी जा, शनिवार-रविवार टाळा. पाणी त्याच दिवशीचं न्या आणि पहाटेचं तापमान लिहून न्या.